नादाच्या साके-कुरा : भात खाणाऱ्यांनी जाऊन बघाव्यात अशा

नदीपल्याड (धागाकर्ती)

जपानला फिरायला येणाऱ्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात हल्ली 'साके टेस्टिंग' असतंच. मी ओसाकात राहते, त्यामुळे पाहुण्यांना घेऊन जायचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे येतं. काउंटरपुढे उभं राहायचं, चार छोटे पेले, दोन फोटो, आणि पुढच्या ठिकाणाला पळायचं. मला ते बघवत नाही. साके म्हणजे तांदूळ आंबवून केलेली जपानी दारू. ती जिथे तयार होते त्या जागेला इथे कुरा म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या भातावर वाढलेल्या आपल्यासारख्यांनी त्या कुरेत शिरून तांदळाचं काय काय करतात ते बघायला हवं. दारूला शिवत नसाल तरी बघायला हवं. म्हणून हा धागा.

मी लिहितेय ते नादाबद्दल. कोबे आणि निशिनोमिया या दोन शहरांच्या किनारपट्टीवर इमाझु, निशिनोमिया, उओझाकी, मिकागे आणि निशी अशी पाच गावं होती, त्यांना मिळून नादा-गोगो म्हणतात. आता ती शहरात मिसळून गेलीत. गोदामं, उड्डाणपूल, ट्रकांची वर्दळ, आणि त्यातच मध्ये काळ्या लाकडी भिंतींची एखादी कुरा. हान्शिन रेल्वेची लोकल पकडून उओझाकी, सुमियोशी किंवा इशियागावाला उतरायचं आणि समुद्राच्या दिशेला चालू लागायचं.

साके इथेच का रुजली, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पाठीशी रोक्को डोंगराची रांग, पुढे समुद्र. डोंगर ९३१ मीटरचा, पण किनाऱ्याला इतका लागून की ओढे सरळ धावत खाली येतात. एडो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) या ओढ्यांवर पाणचक्क्या बसवून तांदूळ सडत. पायाने कांडून निघेल त्याच्या कितीतरी पट जास्त कोंडा चक्कीने निघायचा, आणि तांदूळ जेवढा जास्त सडलेला तेवढी साके स्वच्छ. थंडीत डोंगरावरून 'रोक्को ओरोशी' नावाचा बोचरा वारा उतरतो, त्याने कुरा गार राहायच्या. माणसं यायची मागच्या ताम्बाच्या डोंगराळ भागातून. तिकडे हिवाळ्यात शेतात काम नसायचं, म्हणून शेतकरी टोळीने नादात उतरायचे आणि वसंत आला की परतायचे. टोळीच्या मुख्य कारागिराला तोजी म्हणतात. ताम्बाचे तोजी, इवातेचे नाम्बु तोजी आणि नीगाताचे एचिगो तोजी ही आजही मोठी नावं आहेत. तयार माल समोरच्या समुद्रातून गलबतांनी थेट एडोला, म्हणजे आजच्या तोक्योला जायचा.

आणि पाणी. यामामुरा ताझाएमोन नावाच्या साकेवाल्याच्या दोन कुरा होत्या, एक उओझाकीला आणि एक निशिनोमियाला. निशिनोमियाची साके दर वर्षी सरस निघायची. त्याने इकडचा तोजी तिकडे पाठवला, तांदूळ सारखा केला, तरी फरक तसाच. शेवटी १८४० मध्ये निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेऊन त्यात साके केली, आणि ती तितकीच चांगली उतरली. त्या पाण्याला मियामिझु म्हणतात. जपानच्या मानाने ते कठीण, म्हणजे खनिजं जास्त असलेलं पाणी आहे. त्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम भरपूर असल्यामुळे यीस्ट जोमाने वाढतं. लोह मात्र जवळजवळ नाही, आणि हे फार महत्त्वाचं, कारण लोहाने साकेचा रंग आणि चव दोन्ही बिघडतात. त्या विहिरी आजही निशिनोमियात आहेत. आसपास घरं, रस्ते, आणि मध्येच कुंपण घातलेल्या विहिरी, प्रत्येकीवर कुठल्या ना कुठल्या कंपनीचं नाव. मी प्रत्येक पाहुण्याला तिथे नेतेच.

आता आत शिरू. नवख्यांनी आधी सुमियोशीचं हाकुत्सुरुचं संग्रहालय बघावं. कंपनी १७४३ सालची. तैशो काळातली (१९१२-२६) खरी कुरा आहे, तिथेच संग्रहालय केलंय आणि प्रवेश फुकट. माणसाच्या उंचीचे पुतळे आपापली कामं करताना उभे आहेत, पुरुषभर उंचीची सीडरची पिंपं, भात वाफवायचं भलंमोठं लाकडी भांडं. क्रम डोक्यात पक्का बसतो. उओझाकीला किकुमासामुनेचंही संग्रहालय आहे. ही कंपनी १६५९ सालची. १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात त्यांची जुनी इमारत कोसळली. ढिगाऱ्यातून काढलेली अवजारं जपून ठेवून १९९९ मध्ये ते पुन्हा उभं केलं. त्या भूकंपात नादातल्या बहुतेक लाकडी कुरा गेल्या. काही मालकांनी धंदा कायमचा बंद केला. इथे काँक्रीटच्या इमारती बघून कुणी नाक मुरडलं तर मला राग येतो, तो यामुळे.

पण पुतळ्यांकडून वास येत नाही. त्यासाठी चालू कुरा बघायला हवी, आणि तीही जानेवारी-फेब्रुवारीत, सकाळी. ह्योगोच्या, म्हणजे कोबे ज्यात येतं त्या प्रांताच्या, आतल्या भागात एका लहान कुरेत ओळखीने जाता आलं, त्याबद्दल सांगते.

पहाटे भात वाफवून झालेला असतो. वाफवलेला, शिजवलेला नव्हे. पाण्यात शिजला तर तो मऊ होईल आणि पुढच्या कामाला निरुपयोगी ठरेल. दाण्याचं बाहेरचं अंग कडक आणि आतलं मऊ असायला हवं. भांड्याचं झाकण काढल्याबरोबर तोजींनी मूठभर गरम भात उचलला, तळहातावर दाबून दाबून त्याची पातळ चकती केली आणि उजेडापुढे धरली. त्यात पांढरा ठिपका राहिला असेल तर गाभा कच्चा आहे. चकती एकसारखी दिसत होती. ते काही बोलले नाहीत, नुसती मान हलवली, आणि चार जण लगेच भात उपसायला लागले.

तांदूळ भिजवतानाही असंच. खूप सडलेला तांदूळ मिनिटांत पाणी पितो, म्हणून तिथे घड्याळ हातात घेऊन सेकंद मोजतात. माझ्या आजीलासुद्धा तांदळाचं इतकं कौतुक नव्हतं.

मग कोजीची खोली. सीडरच्या फळ्यांनी मढवलेली, बाहेर बर्फ असलं तरी आत तिशीच्या वरचं तापमान. ताटावर पसरलेल्या भातावर बारीक चाळणीतून हिरवट बीजाणू भुरभुरवतात. ही कोजीची बुरशी. तिचे बीजाणू करून विकणारी घराणीही मोजकीच. पुढचे दोन दिवस, रात्रीसुद्धा उठून, भात फोडायचा, उलटायचा, ढीग कमी-जास्त करायचा. बुरशी वाढताना स्वतःच उष्णता सोडते, ती हाताबाहेर गेली की भात वाया. दुसऱ्या दिवशीचा एक दाणा तोंडात टाकायला दिला. भाजलेल्या काजूसारखा वास, आणि चावत राहिलं तर स्पष्ट गोडवा. तांदळात साखर नसते, फक्त पिष्ट असतं. ते फोडून साखर करायचं काम कोजी करते. वाइनमध्ये द्राक्षातच साखर असते, बिअरमध्ये आधी साखर करून घेतात आणि नंतर आंबवतात. साकेत साखर होणं आणि ती आंबणं एकाच पिंपात एकाच वेळी चालतं. त्यामुळे नुसत्या आंबवण्याने अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास पोचतं. नंतर पाणी घालून ते साधारण १५-१६ वर आणतात.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहिते.

मांडवीतीर

ताई, सुरेख लिहिलंय. मी गोव्याचा. आमच्याकडे काजूची फेणी भट्टीवर होते ती लहानपणापासून बघत आलोय. बोंडं तुडवायची, रस आंबवायचा, मग भाणात, म्हणजे गाळायच्या मडक्यात, चढवायचा. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण भट्ट्या कमीच होत चालल्यात, कारण पुढची पिढी येत नाही. तोजींचंही तसंच आहे का? ताम्बाहून माणसं अजून येतात?

नदीपल्याड

मांडवीतीर, टोळ्या येणं जवळजवळ संपलं. आता बहुतेक ठिकाणी तोजी हा कंपनीचा पगारी माणूस असतो, कितीदा तर कुरेचा मालकच किंवा त्याची मुलगी. पूर्वी बायकांना कुरेत पाऊल टाकायची बंदी होती, आता बायका तोजी आहेत. मला याचा फार आनंद वाटतो. मोठ्या कंपन्यांमध्ये हिवाळ्याचीही अट राहिली नाही. क्योतोजवळच्या फुशिमीतल्या गेक्केइकान कंपनीने १९६१ मध्येच बाराही महिने चालणारी कुरा बांधली. डिसेंबर २०२४ मध्ये कोजीने साके करण्याची ही विद्या युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. त्यामुळे तरुण मुलं येतात का ते बघायचं.

ताम्बाच्या लोकांची कामाची गाणी होती, हे तुम्हाला आवडेल. मोतो घुसळताना ती म्हणायचे. अमुक कडवी झाली की इतका वेळ झाला. घड्याळ नव्हतं तेव्हा गाण्यावर काम मोजलं जायचं, आणि पहाटेच्या थंडीत झोपही उडायची.

चुलीवरचा_चहा

मोतो म्हणजे काय ते सांगाल का? आणि 'किमोतो', 'यामाहाइ' असं बाटल्यांवर लिहिलेलं असतं ते काय प्रकरण आहे?

नदीपल्याड

मोतो म्हणजे मुख्य पिंपात घालायचं विरजण. भात, कोजी, पाणी आणि यीस्ट यांचं छोटं मिश्रण, त्यात यीस्ट प्रचंड वाढवून घेतात. यीस्टला सुखाने वाढू द्यायचं तर बाकीचे जंतू मरायला हवेत, आणि त्यासाठी लॅक्टिक आम्ल लागतं. जुन्या किमोतो पद्धतीत हवेतल्या, लाकडातल्या जिवाणूंनाच ते आम्ल करू देतात. त्यासाठी लांब दांड्याच्या लाकडी वल्ह्यांनी भात तासन्‌तास चेचायचा. १९०९ च्या सुमारास संशोधनातून कळलं की चेचायची गरज नाही, कोजी स्वतःच भात विरघळवते. ते चेचणं गाळलेली पद्धत ती यामाहाइ. लगेच १९१० च्या सुमारास तयार लॅक्टिक आम्ल घालायची पद्धत निघाली, तिने महिनाभराचं काम दोन आठवड्यांवर आलं. आजची बहुतेक साके तशीच होते. किमोतोची चव जरा भरदार आणि आंबटसर लागते. मला तीच आवडते, कोमट करून.

मोतो तयार झाला की एकदम सगळं ओतत नाहीत. तीन टप्प्यांत चार दिवस लागतात. पहिल्या दिवशी थोडं, दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी उरलेलं. मधल्या सुट्टीच्या दिवसाला 'ओदोरी' म्हणजे नाच म्हणतात. त्या दिवशी यीस्टला संख्या वाढवायला वेळ मिळतो. घाई करून सगळं ओतलं तर आम्ल पातळ होतं आणि नको ते जंतू शिरतात.

पायवाट

एक मनात आलेलं स्पष्ट लिहितो. दाइगिंजो या सगळ्यात उंची साकेसाठी तांदळाचा अर्धा दाणा घासून टाकतात असं वाचलंय. आमच्या घरी ताटात शीत राहिलं तर बोलणी बसायची. निम्मं धान्य फेकून केलेली चैनीची वस्तू म्हणून मला हे पटत नाही.

नदीपल्याड

पायवाट, हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो कुरेतच विचारला. आकडे बरोबर आहेत. गिंजो या तिच्या खालच्या प्रतीसाठी दाण्याचा जास्तीत जास्त ६० टक्के भाग ठेवतात, दाइगिंजोसाठी जास्तीत जास्त ५०. काही ठिकाणी त्याहून बराच कमी. दाण्याच्या बाहेरच्या थरात प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात, ते जास्त राहिले तर वास आणि चव जड होते. मधला पांढरा गाभा निव्वळ पिष्टाचा.

पण निघालेली पूड टाकून देत नाहीत. पहिली तपकिरी पूड गुरांच्या चाऱ्यात आणि तेलासाठी जाते. नंतरच्या पांढऱ्या पिठाच्या तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांपासून गोड पदार्थांपर्यंत कितीतरी गोष्टी होतात. साके गाळल्यावर उरलेला चोथा, कासु, तोही स्वयंपाकात जातो. त्यात भाज्या मुरवून नाराझुके लोणचं करतात. आणि मुख्य म्हणजे हल्ली कमी सडलेल्या तांदळाची साके करणाऱ्या कुरा वाढताहेत. जुनमाइवर, म्हणजे वरून अल्कोहोल न घातलेल्या साकेवर, 'इतकं सडलंच पाहिजे' ही अट २००४ पासून नाही. ८० टक्के दाणा ठेवलेली साके मी प्यायले आहे, तिला तांदळाची चव येते, आणि मला ती महागड्या दाइगिंजोपेक्षा जवळची वाटते. तुमच्या मनाला ती पटेल असं वाटतं.

पायवाट

पिठाचं आणि चाऱ्याचं माहीत नव्हतं. मग ठीक आहे. ८० टक्केवाली शोधतो.

पर्वतीवासी

पुणेकरांसाठी एक भर. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय हे बहुतेकांना माहीत आहे. त्याच ओकायामाचा ओमाची हा साकेचा तांदूळ आहे. १८५९ मध्ये एका शेतकऱ्याला वाटेत दोन वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्याने घरी आणून वाढवल्या, अशी त्याची हकीकत. रोप खूप उंच वाढतं आणि लवकर लोळतं, म्हणून मध्यंतरी तो जवळपास नामशेष झाला होता. मी ओकायामाला कामानिमित्त होतो तेव्हा ऑक्टोबरात ही शेतं बघितली. आपल्या खाचरांची आठवण यावी इतकी उंच भातं.

नदीपल्याड

वा, पर्वतीवासी! ह्योगोच्या यामादा निशिकी या साकेच्या तांदळाचंही तेच, रोप उंच आणि नाजूक. त्याचा संकर १९२३ चा, नाव मिळालं १९३६ मध्ये. मिकी आणि कातो भागातल्या ठरावीक खोऱ्यांतला सगळ्यात उत्तम मानतात. तिथल्या काही गावांचा आणि नादाच्या कुरांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा करार आहे. गावाने तांदूळ त्याच कुरेला द्यायचा, आणि पीक बुडालं तर कुरेने गावाला सांभाळायचं.

तुळशीवृंदावन

आम्ही शाकाहारी आहोत आणि मिस्टर घेत नाहीत. सासूबाई सोबत असतील. आम्ही गेलो तर विचित्र दिसेल का? आणि तिथे खाण्यासारखं काही मिळेल?

नदीपल्याड

अजिबात विचित्र दिसणार नाही, नक्की जा. संग्रहालयात शाळेची मुलंही येतात. चव घ्यायचा आग्रह कुणी करत नाही. 'घेत नाही' म्हटलं की हसून पेला बाजूला ठेवतात. सासूबाईंना आमाझाके विचारा, पण नीट चौकशी करून. कोजी आणि भाताचं असेल तर त्यात अल्कोहोल नसतं, नैसर्गिक गोड पेय आहे, गरम छान लागतं. कासुचं असेल तर थोडं असतं. आजूबाजूच्या उपाहारगृहात कासुचं सूप मिळतं, त्यात मासा किंवा माशाचं पाणी जवळजवळ नेहमी असतं, ते टाळा. साके मुळात तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्टची, पण गाळ खाली बसवायला काही ठिकाणी जिलेटिन वापरतात. काटेकोर असाल तर विचारलेलं बरं.

आणखी एक : चालू कुरा बघायची असेल तर त्या सकाळी नात्तो खाऊ नका. आंबवलेल्या सोयाबीनचा जिवाणू उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही, आणि कोजीच्या खोलीत शिरला तर सगळी खेप नासते. हॉटेलच्या न्याहारीत तो समोर असतोच, म्हणून सांगते. काही ठिकाणी दह्यालाही नाही म्हणतात. अत्तर लावू नका. आंबणाऱ्या पिंपावर वाकून वास घ्यायचा मोह टाळा, वर कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो आणि तो खरोखर जीव घेऊ शकतो.

दक्षिणवारा

मी हिरोशिमाजवळ राहतो. नादाचं इतकं कौतुक वाचून साइजो या इथल्या साकेच्या गावाच्या बाजूने बोलणं भाग आहे. हिरोशिमाकडचं पाणी मऊ, त्यात यीस्ट मंदावतं, म्हणून इथे चांगली साके होणारच नाही असं समजायचे. मिउरा सेन्झाबुरो या इकडच्या साकेवाल्यांनी मऊ पाण्यासाठी वेगळी पद्धत बसवली. कोजी आतपर्यंत चांगली वाढू द्यायची आणि थंड तापमानात हळू आंबवायचं. १८९८ मध्ये त्यांनी ती छापून सगळ्यांसाठी खुली केली. आज गिंजोची जी तरल चव जगाला आवडते तिचं मूळ इथे आहे. शिवाय साइजोत स्टेशनपासून चालत सात कुरा, लाल विटांची धुराडी, प्रत्येकीच्या दारात विहीर, आणि ते पाणी लोक बाटल्या भरून नेतात. चालायच्या दृष्टीने नादापेक्षा कितीतरी सोपं.

नदीपल्याड

दक्षिणवारा, चालायच्या बाबतीत तुमचं मान्य. एकच दिवस असेल आणि हिरोशिमाला जाणारच असाल तर साइजो करा. पण कठीण पाण्याची किमोतो आणि मऊ पाण्याची गिंजो एकापाठोपाठ चाखून पाहिल्याशिवाय पाणी काय करतं ते कळत नाही, त्यामुळे मी दोन्ही म्हणेन. आणि सेन्झाबुरोंनी पद्धत लपवून ठेवली नाही, याबद्दल मला त्यांचा फार आदर आहे.

चुलीवरचा_चहा

दारावर पानांचा मोठा गोळा टांगलेला असतो तो काय? आणि पांढऱ्या पेल्यात तळाला निळी वर्तुळं का?

दक्षिणवारा

गोळा सीडरच्या डहाळ्यांचा, सुगिदामा. नवी साके निघाली की हिरवागार टांगतात. महिने जातील तसा तो तपकिरी होतो, त्यावरून साके किती मुरली ते बाहेरूनच कळतं. नारातल्या ओमिवा देवस्थानाशी ही चाल जोडलेली आहे, तिथला देव साकेवाल्यांचा. निळी वर्तुळं तपासणीसाठी. पांढऱ्यावर रंग दिसतो आणि निळ्याच्या कडेवर गढूळपणा.

मुळाकाठ

तोक्योहून ओसाकापर्यंत जाणं होणार नाही, मुलं लहान आहेत. जवळपास काही आहे का?

नदीपल्याड

आहे. ओमे मार्गावर सावाई स्टेशनला उतरा, तिथे ओझावा शुझो ही १७०२ सालची कुरा आहे. त्यांच्या साकेचं नाव सावानोइ. तामा नदीच्या काठावर बाग आहे, मुलांना मोकळं सोडता येतं, तोफू मिळतो. खडकात आडवी खोदलेली त्यांची विहीर आत जाऊन बघता येते. कुरा दाखवतात, पण नोंदणी आधी करावी लागते आणि माहिती बहुतेक जपानीतून देतात, तेवढी तयारी ठेवा. गाडीने जाऊ नका. चालवणाऱ्याला थेंबभरही देत नाहीत, आणि कायदा फार कडक आहे. वीस वर्षांखालच्यांना चव नाही, हेही लक्षात असू द्या. रेल्वेने गेलात तर खिडकीतून नदी दिसत राहते, मुलं रमतील.